नखातला मुलूख

माणूस खोटं बोलतो, कागद खोटा करता येतो, पण पायाच्या अंगठ्याचं नख खोटं बोलत नाही, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं होतं. हे वाक्य तो इतक्या परिषदांमध्ये बोलला, की शेवटी सरकारनं ते खरं मानलं आणि सोनाछडा नाक्यावर त्याचं यंत्र बसवलं. पात्रता अधिकारी म्हणून मी तिथं आधीपासूनच होते, हा निव्वळ योगायोग. आमच्या नातेवाइकांचा या योगायोगावर विश्वास नाही. निरंजननं बायकोवर लक्ष ठेवायला यंत्र पाठवलं, असं ते आजही म्हणतात.

सोनाछडा म्हणजे आसामच्या बराक खोऱ्यातलं, बांगलादेशच्या सीमेवरचं गाव. मध्ये एक ओढा, ओढ्यावर लोखंडी पूल, पुलाच्या अलीकडे आमचा नाका. समुद्र चढत गेला आणि बांगलादेशचा दक्षिण किनारा खाऱ्या पाण्याखाली जायला लागला, तेव्हा दोन्ही देशांनी बसून एक करार केला. करारातली अट ऐकायला सोपी होती. गेल्या वर्षभरात जो खरोखर बुडीत पट्ट्यात राहत होता, त्याला आपण आश्रय द्यायचा. जो आधीच स्वतःच्या देशातल्या उंचावरच्या, सुरक्षित जिल्ह्यात जाऊन सहा महिन्यांहून जास्त राहिला, त्याचं त्याच्या देशानं बघायचं. निर्णय ज्याचा त्याचा वेगळा. अंगावर पिणारं मूल तेवढं आईबरोबर, बाकी कुठल्याही नात्याला सवलत नाही. आधी ती होती, पण तेव्हा पुलावर रोज लग्नं लागायला लागली.

आमचे पणजोबा कोयनेच्या धरणग्रस्तांतले. ‘बुडीत’ हा शब्द आमच्या घरात आडनावासारखा वापरला जायचा. त्यामुळे ही नोकरी मी हौसेनं मागून घेतली होती. हौसेला मोल नसतं, एवढंच नंतर कळलं.

यंत्राचं शास्त्र थोडक्यात सांगते. निरंजन याला तिप्पट वेळ घेतो.

खडकात स्ट्रॉन्शियम नावाचा एक धातू अगदी थोडा असतो. त्याचे काही अणू जड, काही हलके. त्यातला एक प्रकार रुबिडियम नावाच्या दुसऱ्या मूलद्रव्यापासून कोट्यवधी वर्षं हळूहळू तयार होत राहतो. म्हणून जुन्या खडकात त्याचं प्रमाण जास्त असतं आणि आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात कमी. समुद्राचं मिश्रण साऱ्या जगात एकच. सिल्हेटकडच्या टेकड्यांची माती म्हणजे जुन्या हिमालयाची भुकटी, तिचं मिश्रण निराळं. मातीतलं हे मिश्रण पिकात येतं, पाण्यात येतं, माशात येतं आणि तिथून आपल्या पोटात. शरीर बिचारं त्याला कॅल्शियम समजतं आणि हाडात, दातात, नखात नेऊन ठेवतं. पायाच्या अंगठ्याचं नख मुळापासून टोकापर्यंत वाढायला वर्षाहून जास्त काळ लागतो. म्हणजे टोकाला गेल्या वर्षीची माती आणि मुळाशी या महिन्याची. यंत्र नखावरून उभं, पातळ सालपट काढतं, ते आम्लानं धुतं आणि मग त्यावरून टोकाकडून मुळाकडे लेसरची बारीक रेघ ओढतं. तुम्ही कधी कुठं होता, ते चहा निवायच्या आत पडद्यावर येतं.

यंत्र बसलं त्या दिवशी चाचणीसाठी आम्हा कर्मचाऱ्यांचीच नखं घेतली. आमची दुभाषी कणिका नाथ तिथलीच, तिचं नख अगदी बरोबर सोनाछड्याचं निघालं. माझं निघालं ‘दख्खन पठार, सातारा परिसर. सोनाछड्यात वास्तव्य नाही.’ मी तिथं दीड वर्ष राहत होते.

“दिदी,” कणिका म्हणाली, “मग रोज आमच्यावर ओरडतं ते कोण?”

निरंजननं फोनवर पाच मिनिटांत कोडं सोडवलं. मी रोज सकाळी नाचणीची आंबील पिते. नाचणी पाटणची, दर महिन्याला तोच पार्सलनं पाठवतो. नाचणीत कॅल्शियम भरपूर आणि त्याच्याबरोबर स्ट्रॉन्शियमही. तिथल्या भाताची आणि पाण्याची तिच्यापुढे डाळ शिजली नाही. “अपवाद आहे,” असं म्हणून तो हसला. मीही हसले. कणिकानं त्या दिवसापासून यंत्राचं नाव नखदर्पण ठेवलं. तिच्या आजोळी म्हणे चोर शोधायला नखाला काजळ लावून त्यात बघायचे, आणि बघणाऱ्याला ज्याचा राग असेल त्याचाच चेहरा हमखास दिसायचा.

यंत्राची खात्री शेकडा पंच्याण्णवच्या वर गेली, की अधिकाऱ्याच्या मताला जागा उरत नसे. एकच फट होती. यंत्र चुकण्यामागे एखादं ‘ज्ञात कारण’ आहे आणि ते स्वतः पाहिलेला साक्षीदार जबाब द्यायला तयार आहे, तर नखं पुण्याला, निरंजनच्या प्रयोगशाळेत, दुसऱ्या तपासणीसाठी पाठवता येत. पण अर्ज एकत्र आला असेल तर त्यातल्या सगळ्यांची. वर्षभरात ही फट कुणी वापरली नव्हती. मीही नाही.

मोमेना आणि इद्रिस आले ते एका गुरुवारी. मोमेना सात महिन्यांची पोटुशी होती. इद्रिस उंच, हडकुळा, सतत काहीतरी उचलून घ्यायला पुढे होणारा. बायकोची पिशवी त्याच्याकडे, पाण्याची बाटली त्याच्याकडे, पुढच्या म्हातारीचं गाठोडंसुद्धा त्याच्याकडे. दोघं दक्षिणेतल्या चर कुसुमतारा नावाच्या बेटावरचे. बेट गेल्या भरतीत गेलं. दक्षिणेचे नाके तुंबलेले, म्हणून बसनं वर येऊन त्यांनी आमचा पूल गाठला होता.

आधी इद्रिसचं नख. ‘बुडीत किनारपट्टी, अखंड वास्तव्य. खात्री सत्त्याण्णव.’ कणिकानं सांगितल्यावर त्यानं सुस्कारा टाकला आणि खुर्ची मोमेनासाठी पुसली.

मग मोमेनाचं. टोकाकडचा अर्धा भाग किनाऱ्याचा आणि नंतर सरळ चढ. ‘सिल्हेट टेकड्या, सहा महिन्यांहून अधिक. खात्री शहाण्णव. अपात्र.’

“डोंगर?” मोमेनानं कणिकाला पुन्हा विचारलं. “आपा, मी डोंगर पाहिला तो परवा. बसच्या खिडकीतून. त्याआधी आमच्याकडे सगळ्यात उंच म्हणजे मशिदीचा जिना.”

असं सगळेच म्हणतात. मी नेहमीचं वाक्य म्हटलं, की निर्णय यंत्राचा आहे आणि रविवारी दुपारी तिला पूल ओलांडून परत जावं लागेल. नवऱ्याला राहता येईल.

एक गोष्ट मात्र डोक्यात राहिली. सकाळपासून शिपायाशी, रांगेशी, उन्हाशी बायकोच्या वतीनं भांडणारा तो माणूस ‘डोंगर’ हा शब्द ऐकल्यापासून गप्प झाला होता. मला वाटलं, बायको फसवून दुसरीकडे राहिली असं त्याला वाटत असेल. असे संसार मोडलेले मी त्या खोलीत पाहिले होते. यंत्राची खात्री पाहिली की नवरे बायकोकडे पाहीनासे होत.

दुसऱ्या दिवशी बायकांच्या निवाऱ्यात फेरी मारायला गेले, तर मोमेना कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेली. जवळ गेले आणि वास आला. तापलेल्या अंगणात सडा घातला की येतो तो, आणि त्यात थोडा धूर. हा वास मला पाठ होता. पाटणला ताईला दिवस गेले होते तेव्हा ती आंघोळीच्या पाण्याच्या चुलीचा पोपडा खरवडून खायची. आईनं आधी तिला फटके मारायचंच तेवढं बाकी ठेवलं होतं, आणि मग स्वतःच ओढ्याकडची चांगली माती आणून तव्यावर भाजून द्यायला लागली. डोहाळे कुणाचे ऐकतात?

मी खाली बसले. “काय खातेस? दाखव.”

तिनं मूठ पदराखाली नेली. तिला वाटलं, माती खाणारी म्हणून मी तिची आणखी एक खोट काढणार. मी कणिकाकडून सांगवलं, की माझी बहीणही खायची आणि तिचा मुलगा आता सहा फूट आहे. तेव्हा मोमेनानं मूठ उघडली. तळहाताएवढी चपटी, धुरानं काळपट झालेली वडी. एक कोपरा दातानं तोडलेला.

“छिकर!” कणिका म्हणाली. “दिदी, ही सिल्हेटच्या बाजारात मिळते. टेकडीतली माती कालवून, वड्या कापून धुरावर भाजतात. पोटुशा बायकांना फार आवडते.”

“किनाऱ्यावर मिळते?”

“किनाऱ्यावर कुठून? तिथं सगळा खारा चिखल.”

माझ्या डोक्यात नाचणीची आंबील उकळायला लागली. वाटीभर नाचणीनं मला सातारची केलं, तर रोजच्या एका मातीच्या वडीनं हिला डोंगरातली का नाही करायचं? मासळी आणि भात मिळून जेवढं स्ट्रॉन्शियम देत असतील त्याच्या कितीतरी पट त्या वडीत. आणि नखातला तो सरळ चढ लागतो कुठं, तर बरोबर दिवस गेल्यानंतर. पोरगी खरं बोलत होती. मला इतका आनंद झाला, की मी तिचा हात धरला.

“रोज खातेस? पहिल्यापासून?”

“रोज. नाही खाल्ली तर ओकते.”

“मग तुला ती आणून कोण देतं?”

तिनं वडी पदरात बांधली. गाठ मारायला उगाच वेळ लावला.

“फेरीवाला,” ती म्हणाली.

कणिकानं माझ्याकडे पाहिलं. गुडघाभर पाण्यातल्या बेटावर डोंगरातली माती विकणारा फेरीवाला! कार्यालयाकडे परत जाताना माझा आनंद पायरी पायरीनं उतरला. कुणीतरी दर महिन्याला सिल्हेटच्या बाजारातून तिच्यासाठी माती नेत होतं. ज्याला बायकोच्या तोंडची चव माहीत आहे, असं कुणीतरी. इद्रिस बायकोवर रागावून गप्प झाला नव्हता.

संध्याकाळी निरंजनला फोन लावला. पुढच्या महिन्यात त्याचं यंत्र आणखी अकरा नाक्यांवर बसणार होतं. तो खुशीत होता.

“माती खाते?” तो म्हणाला. “रोज? अगं, हे भन्नाट आहे. अपवाद म्हणून टिपून ठेव.”

“रविवारी तिला परत पाठवायचंय, निरंजन. अपवाद सात महिन्यांची पोटुशी आहे.”

“एका केसवरून यंत्र चूक ठरत नाही.”

“दोन. मी पहिली. तेव्हा आपण हसलो.”

तो गप्प झाला. निरंजन गप्प झाला की समजायचं, आता तो नवरा नाही, शास्त्रज्ञ आहे. मला त्याचा तो भाग जास्त आवडतो, पण हे त्याला सांगायचं नसतं.

“गंधक बघता येईल,” तो शेवटी म्हणाला. “नखातलं गंधक प्रथिनांतून येतं. म्हणजे डाळ, मासे, भात. मातीतून येत नाही. ती खरोखर किनाऱ्यावर राहून मासे खात असेल, तर गंधक समुद्राचं निघेल. माती कितीही खाऊ दे.”

“आणि नवरा? समज, तो डोंगरात राहत होता.”

“त्याचं तर किनाऱ्याचं आलंय म्हणालीस ना?”

“शुटकी,” मी म्हटलं. “सुकी बारीक मासळी, आपल्या सुकटीसारखी. हे लोक ती काट्यांसकट खातात. घरून बांधून नेली तर?”

“काटे म्हणजे हाडं. हाडं म्हणजे स्ट्रॉन्शियमचा खजिना.” तो सावकाश बोलत होता. “पण तोंडी लावायला शुटकी, आणि पोट भरायला तिथलाच डाळभात. गंधक डाळभाताचं बोलेल. ऋजुता, म्हणजे यंत्रानं दोघांची अदलाबदल केली. ज्यानं त्यानं एकमेकांचा मुलूख खाल्ला.”

“हो.”

“मग दोन्ही नखं आली तर तो पकडला जाईल.”

“अर्ज एकत्र आहे. एक नख पाठवता येत नाही.”

“मला जेवढी नखं येतील तेवढी मी तपासीन,” तो म्हणाला. “जास्त विचारणार नाही.”

माझ्या नियमनिष्ठ नवऱ्यानं आयुष्यात प्रथमच दार किलकिलं ठेवलं होतं. पण त्यातून जाता येत नव्हतं. तिला ठेवायचं तर माती आणणारा साक्षीदार हवा, आणि जगात तो एकच होता. इद्रिस बोलला तर ती राहणार, तो जाणार. नाही बोलला तर तो राहणार, ती जाणार. दोघं राहतील अशी वाट मी जेवताना शोधली, अंथरुणावर पडल्यावर शोधली. ती करारातच नव्हती.

शनिवारी सकाळी दोघांना जबाबासाठी बोलावलं. तिथं जे बोललं जातं ते कॅमेऱ्यात जातं, पण कारवाई होते ती दुभाषीनं केलेल्या भाषांतरावर. मी इद्रिसला सगळं नीट सांगितलं. गंधकाचं शास्त्र गाळलं, बाकी काही गाळलं नाही. उत्तर द्यायची त्याच्यावर सक्ती नाही, हेही दोनदा सांगितलं.

“मी बोललो तर ती राहील?” त्यानं विचारलं.

“पुण्याहून तसा अहवाल आला तर. येईल असं मला वाटतं.”

“दवाखाना आहे ना इथं?”

“आहे. डॉक्टरीण रोज येते.”

मोमेना एकदम मध्ये पडली. ती इतकी भरभर बोलायला लागली, की कणिकाला तिला थांबवावं लागलं. “ऐकू नका त्याचं, आपा. मी बेटावरचाच चिखल खायचे. माझं डोकं फिरलंय, विचारा कुणालाही. ही वडी मी परवा बसच्या अड्ड्यावर घेतली. मी जाईन परत. माझी मावशी आहे तिकडे.”

“हिला मावशी नाही,” इद्रिस म्हणाला.

“मेल्या, गप बस!”

“आता काय गप बसू? त्यानं कोण जगणार आहे?” तो माझ्याकडे वळला आणि हळूहळू, कणिकाला जमेल अशा बेतानं सांगायला लागला. बेटावर काम उरलं नव्हतं. तो आठ महिने सिल्हेटकडे एका दगडाच्या खाणीत होता. मोमेना बेटावर सासूजवळ राहिली होती, कारण म्हातारी घर सोडायला तयार नव्हती. म्हातारी गेली तेव्हाच दोघं निघाले. दर महिन्याला दोन दिवसांची सुट्टी मिळायची. “जाताना हिच्यासाठी छिकर न्यायचो. येताना ही शुटकी बांधून द्यायची. खाणीतली डाळ पाण्यासारखी. शुटकीचा एक तुकडा असला की जेवल्यासारखं वाटायचं.” तो जरासा हसला. “परवा त्या यंत्रानं माझं नख बघून मला घरचा म्हटलं ना, तेव्हा मला वाटलं, ही मशीन तर हिच्या हातचं ओळखते.”

मोमेना तोंडाला पदर लावून रडत होती.

कणिकानं भाषांतराला सुरुवात केली नाही. मला अर्धंमुर्धं कळलं होतंच, अडीच वर्षांत तेवढं बंगाली कानावर पडलेलं होतं. ती मराठी शिकत होती माझ्याकडून, आणि तिच्या त्या तोडक्या मराठीत, जे कॅमेऱ्याच्या पलीकडे कुणाला कळणार नव्हतं, तिनं मला विचारलं, “दिदी, मी ऐकले नाही, असे चालते?”

चाललं असतं. इद्रिस राहिला असता. सात महिन्यांची पोटुशी बाई रविवारी पुलावरून एकटी गेली असती, जिथं तिचं घर नव्हतं, सासू नव्हती आणि मावशीही नव्हती. मला त्या कराराचा, त्या खोलीचा आणि स्वतःचा भयंकर राग आला. पण निवड माझी नव्हतीच. ज्याची होती त्यानं ती केली होती.

“तो बोलला ते सगळं सांग,” मी म्हटलं. “एक शब्द सोडू नकोस.”

दोन्ही नखं पुण्याला गेली, आणि तोवर मोमेनाचं परत जाणं थांबलं. निरंजननं स्वतः तपासणी केली. मोमेनाचं गंधक समुद्राचं निघालं, इद्रिसचं डाळभाताचं. अहवाल सरकारी मार्गानं आलाच, पण त्याआधी त्याचा फोन आला. “किती बायका असतील गं?” त्यानं विचारलं.

“कसल्या?”

“पोटुशा. माती खाणाऱ्या. परत पाठवलेल्या.”

“माहीत नाही,” मी म्हटलं. “पोटुशी आहे का, हा रकानाच आपण ठेवला नव्हता.”



इद्रिस गेला तेव्हा मोमेना पुलाच्या अलीकडच्या टोकापर्यंत त्याच्याबरोबर आली. त्याच्याकडे तिची पिशवी नव्हती, कुणाचं गाठोडंही नव्हतं. मोकळ्या हातांचं काय करायचं ते त्याला सुचत नसावं. अर्ध्या पुलावर जाऊन त्यानं वळून ओरडून काहीतरी सांगितलं. कणिका म्हणाली, “वडी संपली तर चुलीची माती खाऊ नकोस म्हणतोय, तो हाटाला आणून देईल.”

आमच्याकडे पुलाजवळ दर मंगळवारी सीमेवरचा हाट भरतो. कुंपणाच्या आत दोन्हीकडची माणसं येतात, भाजी-कपडे विकतात आणि शिट्टी झाली की आपापल्या बाजूला परततात. हाटात यायला पात्रता लागत नाही.

निरंजननं यंत्र थांबवावं असं पत्र स्वतःच समितीला लिहिलं. अकरा नाक्यांचं काम गेलं, दोन जुने सहकारी त्याच्याशी बोलेनासे झाले. समिती मात्र बधत नव्हती. एका बाईच्या खाण्याच्या सवयीवरून एवढी यंत्रणा बंद करायची का, असं त्यांचं म्हणणं. या वादात दीडेक महिना गेला आणि मोमेना बाळंत झाली. मुलगा झाला.

बाळाची पहिली नखं तिच्याकडेही, आपल्यासारखीच, कात्रीनं कापत नाहीत. आई दातानं हळूच काढते. एक दिवस ती बोटभर कागदात पुडी बांधून घेऊन आली. “आपा, तुमच्या दर्पणात घालून बघा. मला बघायचंय हा कुठला म्हणतं ते.”

ते नख इतकं कोवळं होतं, की लेसरची ताकद कमी करावी लागली. ‘सिल्हेट टेकड्या. किनारपट्टीचा अंश नगण्य. खात्री अठ्ठ्याण्णव. अपात्र.’

पंधरा दिवसांचं पोर, आमच्याच दवाखान्यात जन्मलेलं. ज्या डोंगरात ते कधी गेलं नव्हतं आणि त्याची आईही कधी गेली नव्हती, तिथला पक्का रहिवासी म्हणून यंत्रानं त्याला अपात्र ठरवलं. मी तो कागद समितीला पाठवला. सोबत एक ओळसुद्धा लिहिली नाही. आठवड्यात यंत्र बंद करायचा हुकूम निघाला.

यंत्रानं दिलेले सगळे नकार पुन्हा तपासायचे, असाही हुकूम आला. मी आधी इद्रिसची फाईल काढली. वरून उत्तर आलं, की हा नकार यंत्रानं दिलेला नाही. यंत्रानं तर अर्जदाराला पात्रच ठरवलं होतं. तो अपात्र झाला तो स्वतःच्या जबाबानं, म्हणून फेरतपासणी लागू नाही. मी तीन वेळा लिहिलं. तिन्ही वेळा तेच उत्तर आलं, आणि नियमाच्या बाजूनं पाहिलं तर त्यात एकही चूक नव्हती. खोटं बोलले होते त्यांनाही फेरतपासणी होती, यंत्रानं ज्यांना खोटं ठरवलं त्यांनाही होती. खरं बोललेला तेवढा एक राहिला. मी अजून लिहिते आहे.

मंगळवारी मी हाटाला गेले. निरंजन आला होता, त्याला बाळ बघायचं होतं. इद्रिस कुंपणाच्या कडेला उकिडवा बसून मुलाला मांडीवर घेऊन त्याच्या बोटांकडे बघत होता. शेजारी केळीच्या पानात बांधलेल्या वड्या. मोमेना त्याच्यासाठी शुटकीचं गाठोडं घेऊन आली होती. समुद्र आता तिच्यापासूनही लांब, मासळी सोनाछड्याच्या बाजारातली, पण बांधणी तिच्या हातची.

“मशीन बंद केली म्हणे,” इद्रिस म्हणाला.

निरंजननं मान खाली घातली. “चुकत होती.”

“मुलाचं काय सांगितलं तिनं?”

कणिकानं सांगितलं. हा मुलगा डोंगरातला आहे, आईच्या पोटात असतानाचे सगळे महिने हा बापाच्या मुलखात होता, असं नखदर्पण म्हणालं.

इद्रिस आधी हसला. मग त्यानं मुलाची मूठ आपल्या दगडानं सोललेल्या तळव्यात धरली आणि बराच वेळ तशीच ठेवली.

“मग चुकली कुठं, साहेब?” तो म्हणाला.

  हाट संपल्याची शिट्टी झाली, आणि इद्रिसनं मुलाला मोमेनाच्या हातात दिलं.